जांभा नावाचा घोडा

आमच्या घरात फोडणी बंद झाली त्या वर्षी मी घोडे तयार करायला लागलो. हे वाक्य वाचून बायकोने विचारलं, की या दोन गोष्टींचा संबंध काय. संबंध एवढाच, की दोन्हींचं मूळ बाबांच्या छातीत होतं. बाबा चिपळूणजवळ लोट्याला एका रासायनिक कारखान्यात ऑपरेटर होते. तिथे दोघा-तिघांत खोली घेऊन राहायचे आणि सुट्टीला रत्नागिरीला घरी यायचे. मी अकरावीत असताना एका पाळीत कुठलासा जोड सुटला आणि बाबांच्या छातीत वायू गेला. आधी चिपळूणला, मग मुंबईला नेलं. घरी आणलं तेव्हा ते दिसायला पूर्वीचेच होते. हातपाय धड, आवाज धड. फक्त अंगणातून पडवीत येताना मधल्या पायरीवर थांबायचे आणि काहीतरी विसरल्यासारखा चेहरा करून जांभ्या दगडाच्या भिंतीकडे बघत राहायचे. डॉक्टरांनी नळीत फुंकायला लावून मोजलं होतं. छाती निम्म्याहून कमी चालत होती आणि ती पुन्हा भरून येणार नव्हती. धूळ, धूर, ठसका यांपासून जपा, असं सांगून त्यांनी श्वासाचा पंप लिहून दिला होता.

ठसका म्हटला की पहिली फोडणी. मोहरी तडतडून मिरची पडली, की पुढच्या खोलीत बसलेल्या बाबांचा श्वास अडायचा. आईने दोन-चार वेळा स्टोव्ह मागीलदारी नेऊन बघितला, पण समुद्राकडचा वारा सुटला की सगळा वास उलटा घरातच यायचा. मग एके दिवशी तिने मोहरीचा डबा वरच्या फळीवर ठेवून दिला. त्यानंतर आम्ही वरण, भात, उकडलेली भाजी, नाचणीची भाकरी आणि बिनफोडणीची कुळथाची पिठी खाल्ली. आमटीवर कच्चं तेल सोडायचं. सुका बांगडा भाजणं तर घरातून हद्दपारच झालं. शेजारी फोडणी बसली की आम्ही तिघंही जेवता जेवता थांबायचो. बाबा श्वास सांभाळायला, आणि आम्ही दोघं, खरं सांगायचं तर, वास घ्यायला. त्या चर्र आवाजाची जागा घरात बाबांच्या श्वासाने घेतली. दाराच्या फटीतून वारा शिरावा तशी बारीक शिट्टी, आत जाताना एक आणि बाहेर येताना दुसरी. मी अभ्यासाला बसायचो तेव्हा ती माझ्या पाठीमागे चालू असायची. एखादी शिट्टी लांबली की माझा हात वहीवर थांबायचा.

घरातून बाहेर पडायला मला कारण हवं होतं. एसटी स्टँडजवळच्या एका गाळ्यात तेव्हा सायबर कॅफे होता, तिथे कॉम्प्युटर शिकायला म्हणून मी बुधवारी आणि शनिवारी जायचो. चित्रांचे खेळ त्या मशिनवर चालत नसत, नुसत्या अक्षरांची पानं तेवढी उघडायची. अशाच एका पानावर मला हा लिहून खेळायचा खेळ सापडला. प्रत्येकाने एक घोडा तयार करायचा: वय, उंची, वजन, रंग, खोडी, जुन्या जखमा. मग सगळ्यांचे घोडे मिळून एक रानटी कळप, आणि त्या कळपाची गोष्ट सगळ्यांनी आळीपाळीने लिहायची. मी लिहिलं की माझा घोडा ओढ्यावर आला, तर दुसऱ्या कुठल्या देशातली मुलगी दोन दिवसांनी लिहायची, की तिच्या घोडीने कान मागे पाडले. तिथे बहुतेक सगळ्या मुलीच होत्या, आणि मीही मुलगीच असणार असं त्यांनी धरून चाललं होतं. मी काही बोललो नाही.

नियम दोनच, पण कडक. घोडा खरा हवा, हा पहिला. त्याने माणसासारखा विचार करायचा नाही. त्याला जे दिसतं, ऐकू येतं, वास येतो आणि अंगाला लागतं तेवढंच लिहायचं. आणि दुसऱ्याचा घोडा आपण हलवायचा नाही. माझ्या घोड्याने लाथ उगारली एवढं मी लिहू शकत होतो. ती लागली की हुकली हे समोरच्या घोड्याचा मालक लिहिणार. कुणी लिहायचं थांबलं तर त्याचा घोडा होता तिथे उभा राहायचा, बाकीचे त्याला वळसा घालून जायचे. या सगळ्यावर देखरेख करायची रोवन. हे तिचं तिथलं नाव. खरं नाव मला कधी कळलं नाही. कुठल्याशा थंड मुलखातली निवृत्त शिक्षिका होती. माझा पहिला घोडा तिने परत पाठवला. तो काळा कुळकुळीत, निळ्या डोळ्यांचा, दिवसभर धावूनही न थकणारा आणि अठरा हात उंच होता. ते लोक घोडा ज्या हाताने मोजतात तो चार इंचांचा असतो, म्हणजे माझा घोडा खांद्यापाशीच सहा फूट भरत होता. रोवनने लिहिलं होतं, ‘हा घोडा नाही, ही मोटारसायकलची जाहिरात आहे. एखादा खरा घोडा बघ, त्याला मोज, आणि मग ये.’

रत्नागिरीत वरातीच्या घोड्याखेरीज घोडा कुठला? पण माझा मामा दापोलीजवळ मुरुडला राहायचा आणि तिथल्या किनाऱ्याच्या वाळूत, पुळणीवर, पर्यटकांना फिरवणारी एक घोडी होती. दिवाळीच्या सुट्टीत मी आईची शिवणाची टेप खिशात घालून गेलो. घोडीचा मालक विडी पीत बसला होता.

“काय रं भाच्या, झबलं शिवतोस की काय तिला?”

“वजन काढायचंय,” मी म्हटलं.

“टेपेनं?”

“छातीचा घेर, त्याचा वर्ग, गुणिले लांबी.”

“तसं असंल तर आधी माझ्या बायकूचं काढून दे. ती कबूलच होत नाय.”

भागाकार करून घोडी अडीचशे किलोची भरली. उंची तेरा हातांना थोडी कमी. पट्ट्याखालचे केस झडून कातडी उघडी पडलेली, डाव्या गुडघ्यावर जुना वळ. मी दोन दिवस तिच्याजवळ बसलो. ती वाऱ्याकडे पाठ करून उभी राहायची, एक मागचा पाय सैल सोडून. दोन्ही कान दोन दिशांना फिरायचे. खोगिराचा पट्टा आवळताना ती मुद्दाम पोट फुगवून धरायची आणि गिऱ्हाईक चढलं की हळूच सोडायची, म्हणजे पट्टा ढिला. हे सगळं जसंच्या तसं मी लिहिलं. घोडीचं नाव पुळण ठेवलं. रोवनने ती एका फटक्यात पास केली आणि खाली लिहिलं, ‘आता तू घोडा पाहिलास.’ मला शाळेत बक्षिसं मिळाली आहेत, पुढे नोकरीत बढत्याही मिळाल्या. या चार शब्दांइतका आनंद त्यांतल्या कशानेच झाला नाही.

मी कॅफेतून पानं छापून घरी आणायचो. ती एकदा बाबांनी उचलली. त्यांचं शिक्षण आयटीआयपर्यंतचं, मराठीतून. पण कारखान्यातल्या सूचना वाचून वाचून त्यांना इंग्रजी सावकाश लागायचं. दुपारभर ते वाचत बसले.

“हा काय घोड्यांचा पत्रव्यवहार हाय काय?” त्यांनी विचारलं.

मी सगळं समजावून सांगितलं. आई तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, “घरातल्या माणसाला फाटकापर्यंत जाववत नाय, नि यांचे घोडे फिरतायत परदेशात.”

बाबांनी तिकडे लक्ष दिलं नाही. “तुझी घोडी फार धावते,” ते मला म्हणाले. “इथून तिथपर्यंत धावली नि लगेच कान बिन हलवून बघायला लागली. दम कुठं गेला तिचा? धावल्यावर आधी दमच असतो. बाकी सगळं मागनं येतं.”

पुढच्या वेळी मी पुळणीला दम लागू दिला. तीन ओळी नुसत्या दमाच्या. सगळ्यांनी त्याच ओळी वाखाणल्या. मी ते छापून आणलं, बाबांनी वाचलं आणि कागद नीट घडी करून उशाशी ठेवला. मग म्हणाले, “मलाही एक काढून दे घोडा.”

तो तयार करायला आम्हाला आठवडा लागला. वय विचारलं तर म्हणाले, म्हातारा नको, पण उतरलेला असू दे. रंग? अंगणाभोवतीच्या दगडी गडग्याकडे बोट दाखवून म्हणाले, “जांभ्यासारखा असतो काय घोडा?” असतो, मी म्हटलं, तांबडा, उन्हात केशरी दिसणारा. नाव त्यांना द्यायचंच नव्हतं. “त्याला हाक कोण मारणार हाय?” पण नावाशिवाय पुढे जाता येईना, म्हणून तेच ठेवलं: जांभा. बाबांनी त्याला खच्ची केलेला ठरवला होता, तेव्हा असा घोडा रानटी कळपात आला कुठून, हेही सांगावं लागणार होतं. बाबा म्हणाले, “कुणाच्या तरी कामावर होता. तबेल्यातल्या धुळीनं छाती गेली. सोडून दिला. त्यात काय, असं घडतं.” आणि त्याचा दम त्यांनी मला बारकाईने सांगितला: चार पावलं चालला की थांबतो, तोंड उघडतो, तोंडाने हवा ओढतो.

रोवनने सगळं मान्य केलं, एवढी एक गोष्ट सोडून. तिने लिहिलं, की छाती अशी गेलेले घोडे खरोखर असतात, पण घोड्याला तोंडाने श्वास घेता येत नाही. त्याच्या घशाची रचनाच तशी नाही. मी घरी येऊन सांगितलं. बाबांनी तोंड मिटून एक श्वास ओढून बघितला.

“म्हणजे तोंड उघडून उपयोग नाय?”

“नाय. नाकपुड्या फुगवतो. बाहेर सोडताना पोट आत ओढतो, दोनदा. असं फार दिवस चाललं की पोटाच्या कडेने स्नायूची एक रेघ उठते.”

बाबांनी बनियन वर केलं आणि मान वाकवून आपल्या बरगड्यांखाली बघितलं. “बघ रे, हाय काय रेघ?”

“पुरे झालं,” आई म्हणाली. “खाली करा ते.”

परवा माझ्या मुलीने मोबाइलवर एक ओळ लिहून एआयकडून घोड्याचं चित्र काढून घेतलं आणि मला दाखवलं. सवयीने मी आधी पाय मोजले. चारच होते. पण घोडा तोंड उघडून धापा टाकत होता. मी म्हटलं, हे चूक आहे. ती म्हणाली, बाबा, छान दिसतंय ना पण? छान दिसत होतं खरं.

तर जांभा कळपात आला. बाबा सांगायचे, मी रात्री त्याचं इंग्रजी करायचो आणि कॅफेत जाऊन टाकायचो. ते फार थोडं सांगायचे. ‘जांभा उतारावर उभा आहे. वाऱ्याकडे पाठ. बाकीचे ओढ्यावर गेले. तो गेला नाही. खाली उतरणं सोपं आहे, परत चढायचं आहे.’ मी म्हटलं, शेवटचं वाक्य नाही चालणार, हा विचार झाला, घोड्याला पुढचं काय कळतं. बाबा म्हणाले, “एकदा चढला असंल तर कळतं. छाती लक्षात ठेवते. विचार त्या बाईला.” बाईने ते वाक्य राहू दिलं. बाकीच्यांचे घोडे झुंजायचे, पळायचे, विणीला यायचे. जांभा उभा असायचा, आणि हळूहळू सगळ्यांच्या लिहिण्यात तो येऊ लागला. कुणाची घोडी त्याच्या आडोशाला उभी राहायची. एका मुलीचं शिंगरू होतं, ते रोज येऊन त्याच्या पोटाखाली तोंड घालायचं आणि तो हलायचा नाही. बुधवारी, शनिवारी मी फाटकातून आत येताना बाबा पायरीवर बसलेले असायचे. “शिंगरू आलं काय?” हा पहिला प्रश्न. अपघातानंतर त्यांनी दुसरा कुठलाही प्रश्न इतक्या उत्सुकतेने विचारलेला मला आठवत नाही. लोट्याचे सोबती सुरुवातीला येऊन गेले होते, मग यायचे थांबले. आईदेखील, टोमणे मारायची खरी, पण मी कॅफेतून आलो की हातातलं काम ठेवून दारात येऊन उभी राहायची.

बारावीचा निकाल लागला तेव्हा खेळातल्या गोष्टीत हिवाळा तोंडावर आला होता. मला गणितात उत्तम गुण होते आणि कोल्हापूरला संख्याशास्त्राला प्रवेश मिळत होता, वसतिगृहासकट. मी अर्ज आणला आणि ट्रंकेत ठेवून दिला. आई अंगणवाडी सेविका होती, सकाळी निघायची ती दुपारी यायची. मधल्या वेळात बाबांचा श्वास कोंडला तर पंप हातात द्यायला, टेकवून बसवायला आणि रिक्षा आणायला घरात कुणीतरी हवं होतं, आणि तो मी होतो. तेव्हा इथेच काहीतरी करायचं, असं मी मनाशी ठरवून टाकलं. कुणी मला थांब म्हणालं नाही. जा असंही कुणी म्हणालं नाही. अर्जाची मुदत जवळ येत होती आणि घरात तो विषय कुणी काढत नव्हतं.

गोष्टीत कळपाने बर्फाआधी खिंड ओलांडून पलीकडच्या कुरणात जायचं, हे सगळ्यांनी आधीच ठरवलेलं होतं. कळप खिंडीच्या पायथ्याशी आला आणि थांबला. जांभा चढेल की नाही हे फक्त बाबा लिहू शकत होते, आणि बाबांनी काही सांगितलंच नव्हतं. एरवी असं झालं की कळप पुढे निघून जायचा. या वेळी कुणी निघेना. कुणी लिहिलं, तिची घोडी जरा लंगडतेय. कुणी लिहिलं, शिंगरू दमलंय. आणि रोवनने, प्रत्येकाच्या घोड्याचे दात तपासणाऱ्या रोवनने, लिहिलं की पायथ्याशी गवत अजून भरपूर आहे. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच.

“काय लिहिलंन बाईने?” बाबांनी विचारलं.

“गवत अजून आहे म्हणते.”

“खोटं. एवढे घोडे एवढे दिवस एका जागी? मुळापासून गेलं असंल गवत. तिला ठाऊक हाय ते.”

“तुमच्यासाठी थांबलेत.”

“हत् मेल्या. कळप थांबत नाय कुणासाठी. थांबला तर तो कळप नव्हे, ती शोकसभा.” ते खोकले, पंप ओढला आणि पायरीवर हात टेकून बसले. मग म्हणाले, “किती उंच हाय ती खिंड?”

खिंडीची उंची आणि वाटेची लांबी रोवनने कधीच देऊन ठेवली होती. मी म्हटलं, हळूहळू, थांबत थांबत चढेल की जांभा. बाबा म्हणाले, “तू गणितातला ना? मांड.” मी कागद घेतला. चार पावलं आणि थांबा, चार पावलं आणि थांबा, असं धरून मांडत गेलो. बर्फ खिंडीत पोचायच्या आत जांभा अर्ध्या वाटेवरही पोचत नव्हता, आणि परत फिरायलाही त्याच्यात काही उरत नव्हतं. मी पुन्हा मांडलं. बाबा माझ्या पेन्सिलीकडे बघत होते.

“बोल.”

“नाही चढणार,” मी म्हटलं.

“मग लिही.” आणि त्यांनी एका दमात सांगितलं, म्हणजे त्यांच्या त्या वेळच्या दमात, मध्ये तीनदा थांबून. जांभाने कान पुढे केले. खिंडीकडून वारा येत होता. मग तो फिरला. शिंगरू त्याच्या मागे निघालं. जांभाने कान मागे पाडले आणि दात दाखवले.

“शिंगरू थांबलं असं लिहू?” मी विचारलं.

“नको. शिंगरू तिचं हाय, ती काय ते लिहील. यानं दात दाखवले नि उभा राहिला एवढंच आपलं. मग चालायला लागला, उताराला, खाली.”

“मागे वळून बघितलं?”

“तूच सांगितलंस ना, घोड्याचे डोळे बाजूला असतात म्हणून? चालता चालता त्याला मागचं दिसतं. मान वळवायची गरज नाय त्याला.”

ते मी लिहून टाकलं. शिंगराच्या मालकिणीने लिहिलं, की शिंगरू थांबलं, बराच वेळ थांबलं, आणि मग आईमागे गेलं. शनिवारपर्यंत कळप खिंड चढायला लागला होता. ते पान बाबांनी वाचलं, घडी केलं आणि विचारलं, “तुझा तो कोल्हापूरचा अर्ज कुठं हाय?”

“त्याचा आणि याचा काय संबंध?”

“मी कुठं म्हटलं संबंध हाय? घोड्याचं घोड्यापाशी. अर्ज आण.”

आई आतून बाहेर आली. मी तिला इतकी चिडलेली क्वचितच बघितली असेल. “नि सकाळी मी गेल्यावर काय झालं तर? ते घोडे येणारायत रिक्षा घेऊन?” बाबांनी अर्जासाठी हात पुढे केला. पुढचे दोन दिवस ती धुमसत होती. मग सुपरवायझर बाईंकडे जाऊन आली आणि सोमवारी आमच्या पडवीत सतरंजी अंथरून तिने अंगणवाडी तिथेच भरवायला सुरुवात केली. आधीची जागा तशीही गळत होती, असं तिने सगळ्यांना सांगितलं. फळ्याच्या धुळीने त्रास नको म्हणून खडू बंद. पोरं चिंचोक्यांनी अक्षरं गिरवायची. बाबा कडेला खुर्चीत.

मी निघालो त्या दिवशी बाबा म्हणाले, की त्यांना पालीला काम आहे, तेव्हा तिथपर्यंत माझ्याच एसटीने येतील. पालीला त्यांचं काही काम नव्हतं. पण त्यापुढे आंबा घाट, तिथलं धुकं आणि डिझेलचा धूर, तेवढ्या लांब त्यांना यायचं नव्हतं. खिडकीच्या काचेवर आतून वाफ धरली होती, ती ते रुमालाने पुन्हा पुन्हा पुसत होते. पालीला गाडी थांबली. ते दांडी धरून एकेक पायरी उतरले, स्टँडच्या छपराखाली गेले आणि तिथे माझ्याकडे पाठ करून उभे राहिले. मान वळवली नाही त्यांनी. त्यांच्या खांद्यांची हालचाल मला दिसत होती. नुसतं उतरण्याचेही त्यांना कष्ट झाले होते. गाडी सुटली. मला जुळवाजुळव आवडत नाही, माझं काम आकड्यांचं आहे आणि आकडे ओढूनताणून जुळवले तर काय होतं ते मी रोज बघतो. पण माणसाचे डोळे बाजूला नसतात. त्यांना मी दिसलो नसणार.

कोल्हापूरला गेल्यावर मी रविवारी शेजारच्या घरी फोन करायचो. बाबा सावकाश येऊन रिसीव्हर धरायचे, आधी ती शिट्टी ऐकू यायची. जेवलास काय, अभ्यास काय म्हणतो, आणि मग, “लिही.” कळप पलीकडे गेला होता. जांभा अलीकडे एकटा. आता त्याला उत्तर द्यायला कुणाचाही घोडा नव्हता, तरी बाबा सांगत राहिले. जांभाने खुराने बर्फ उकरला. जांभा खडकाच्या आडोशाला आहे. त्या पानावर त्यांच्या ओळींखाली फक्त एकाच व्यक्तीचं लिहिणं असायचं, रोवनचं. तिची घोडी पलीकडे होती आणि जांभाला हलवायचा तिला हक्क नव्हता. पण हवा कुणाची नसते. म्हणून ती हवा लिहायची. ‘आज वारा पडला आहे.’ ‘पहाटे धुकं होतं, ते उतरलं.’ ‘दोन दिवस ऊन आहे.’ मी ते फोनवर वाचून दाखवायचो. बाबा म्हणायचे, “बाई ऊन जरा जास्तच पाडते,” आणि हसायचे, आणि हसलं की खोकला यायचा.

थंडीत बाबा गेले. सकाळची वेळ होती, पडवीत पोरं होती, आई शेजारी होती, पंप हातात होता, रिक्षाही वेळेवर आली. जे जे हवं होतं ते सगळं होतं. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो, कारण मी घरी असतो तर, हा हिशोब मी अनेक वर्षं मांडून बघितला आहे आणि त्यात कुठेही वेगळं उत्तर येत नाही. वेगळं उत्तर येत नाही, म्हणून तो मांडायचा थांबतो असं मात्र नाही.

दिवसकार्य झाल्यावर मी स्टँडजवळच्या त्या कॅफेत गेलो आणि रोवनला कळवलं. जांभा कुणाचा होता तेही पहिल्यांदाच सांगितलं. तिथे सगळ्यांना वाटायचं, मीच दोन घोडे चालवतो. तिचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. तिने लिहिलं होतं, की तुला हवं तर तू जांभाचा शेवट लिही, पासवर्ड तुझ्याकडे आहे, कुणी हरकत घेणार नाही. मी पान उघडून बसलो. बाबांच्या शेवटच्या ओळीत जांभा खडकाच्या आडोशाला, वाऱ्याकडे पाठ करून उभा होता. त्याखाली रोवनची ओळ होती, ‘बर्फ थांबला आहे.’ आतापर्यंतचं प्रत्येक अक्षर मीच टाइप केलं होतं, पण त्याचं एकही पाऊल मी टाकलेलं नव्हतं. मी काही लिहिलं नाही. पान बंद केलं आणि घरी आलो.

फाटकातच मला तो आवाज ऐकू आला. आत गेलो तर आई स्वयंपाकघरात होती, मोहरीचा डबा खाली आला होता आणि कढईत मिरच्या पडल्या होत्या. चर्र झालं, घरभर ठसका उठला. आईचा हात सवयीने मागचं दार उघडायला गेला, आणि ती दारापाशीच थांबली. पुढच्या खोलीतून कुणी खोकलं नाही. आम्ही दोघं तिथे उभे राहिलो. आमटी चांगली झाली असेल; मला चव आठवत नाही.

“तो घोडा काय झाला?” जेवताना आईने विचारलं. तिने घोड्याचं नाव कधी घेतलं नव्हतं, तेव्हाही घेतलं नाही.

“आहे. उभा आहे तिथेच.”

“मारलंन नाय ना तिने, त्या बाईने?”

“तिला मारता येत नाही. दुसऱ्या कुणालाच नाही.”

“नि तू?”

“मीही नाही.”

आई थोडा वेळ भात कालवत राहिली. “पोरं विचारतात रोज,” ती म्हणाली. “हे घोड्याचं सांगायचे त्यांना. आज घोडा कुठं हाय, म्हणून कालवा करतात नुसता. उद्या पुन्हा येतील. काय सांगू?”

“वारा पडलाय म्हणून सांग,” मी म्हटलं. “आणि घोडा उभा आहे.”